रॉड की डंबेल? आधी खोली मोजा!

रात्रीचे साडेअकरा. घणसोली गावातली, तिसऱ्या मजल्यावरची माझी वन आरके. दाराला आतून कडी, कानात हेडफोन, फुल्ल व्हॉल्यूमवर गाणी. पाठीखाली बेंच आणि छातीवर तीस किलोचा रॉड. म्हणजे छातीला टेकवलेला वगैरे नाही हं, चक्क ठाण मांडून बसलेला. नववा रेप खाली आला आणि वर जायला काही तयार होईना.

पहिले दोन सेकंद मला हसायला आलं. मग लक्षात आलं, की हसायला लागणारी हवासुद्धा नीट आत जात नाहीये. मोबाइल चार्जिंगला लावलेला, ओट्यावर. प्लेट एका बाजूनं सरकवून रॉड तिरका करावा म्हटलं, तर शहाणीनं दोन्हीकडचे लॉक घट्ट आवळून ठेवलेले. शेवटी तो रॉड छातीवरून पोटावर, पोटावरून मांडीवर असा लाटण्यासारखा लोळवत नेला आणि कशीबशी उठून बसले. तेवढ्यात एक टोक निसटलं. धाड! टाइलचा कोपरा गेला.

सकाळी जिन्यात घरमालकीण काकू उभ्याच. काकू आगरी, साठीच्या, आणि त्यांच्या बिल्डिंगमध्ये टाचणी पडली तरी त्यांना कळतं.

“काय गो बाय, काय परलं वर?”

“काही नाही काकू, व्यायाम करत होते.”

“एकलीच?”

बस्स! एका शब्दात काकूंनी माझी विकेट काढली. कारण रॉड घेताना मी सगळं बघितलं होतं. किंमत, वजन, पॉलिश, होम डिलिव्हरी. हा एक प्रश्न सोडून.

मुळात घरी कशाला?

तर मंडळी, आज विषय हाच. घरी वजनं मारायची तर बारबेल, म्हणजे आपल्या भाषेत रॉड, घ्यायचा की डंबेल? ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये नाइट शिफ्ट करणारा मित्र हेच विचारतो आणि महापेला ट्रेनिंगला लागलेली मावसबहीणही हेच विचारते. जिमच्या वेळा ऑफिसच्या वेळांशी जुळत नाहीत, आणि वर्षाची फी एकदम भरायची म्हणजे पोटात गोळा. मी भरली होती. तीन महिन्यांनी जिमला कुलूप, आणि मालकाचा फोन ‘स्विच्ड ऑफ’. फ्रीलान्सरचे चेक आधीच उशिरा येतात, त्यात हे. मग ठरवलं, आता घरीच.

दुसरं कारण जरा सीरियस आहे. गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालता घालता डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “यांचं बघतोच आम्ही, तुम्ही तुमचं बघा.” हाडांची शिल्लक माणूस साधारण तिशीपर्यंत जमा करतो, पुढे ती हळूहळू खर्चच होत जाते. बायकांची तर पाळी गेल्यावर भराभर. स्नायूंचंही तसंच. हाडांवर आणि स्नायूंवर वजनाचा ताण आला, की ते स्वतःला टिकवून धरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही चालण्या-पळण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितलाय. मी २८ वर्षांची. म्हणजे एफडी भरायची माझी मुदत संपत आलीये, बॉस!

आधी टेप काढा

दुकानदार तुम्हाला बायसेपबद्दल विचारेल. मी तुमच्या जिन्याबद्दल विचारते.

स्पर्धेतला पुरुषांचा ऑलिंपिक रॉड २.२ मीटर लांब आणि २० किलो वजनाचा असतो. बायकांचा २.०१ मीटर, १५ किलो. आता घणसोली गावातली टिपिकल खोली घ्या, दहा बाय दहा. म्हणजे तीन मीटर आणि वर थोडंसं. त्यात पलंग, गोदरेजचं कपाट, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. सव्वासात फुटांचा रॉड आडवा धरला, की एक टोक कपाटाच्या आरशाला आणि दुसरं खिडकीच्या काचेला नमस्कार करतं. शिवाय प्लेट चढवायला बाजूला हात जायला हवा, तो वेगळाच.

पण खोलीच्या आधी जिना येतो. सिडको १९७० मध्ये आली, सेक्टर आखले गेले, रस्ते रुंद झाले. गावठाणं मात्र आपल्या जुन्या अंगणांवरच उभी उभी वाढली. गल्ली इतकी चिंचोळी, की टेम्पो तोंडाशीच थांबतो. जिना इतका अरुंद, की फ्रिज चढवताना अख्खा मजला सल्ला द्यायला बाहेर येतो. या जिन्याच्या वळणावर सात फुटी रॉड फिरतच नाही. माझा पाच फुटी होता, तोही उभा करून, मीटर बॉक्सला वाचवत चढवावा लागला. डंबेलच्या रॉडची लांबी साधारण चौदा इंच. पिशवीत घाला आणि चढा.

आणि अकरा महिन्यांनी? भाड्यानं राहणाऱ्यांना हा आकडा वेगळा सांगायला नको. ॲग्रीमेंट संपलं, भाडं वाढलं, की आपण निघालो कोपरखैरणेला नाहीतर रबाळ्याला. व्यायामाचं सामान घेताना ‘हे किती वेळा उचलेन’ याच्या जोडीला ‘हे किती वेळा शिफ्ट करेन’ हाही हिशेब मांडा. माझ्या ओळखीच्या एकानं बेंच आणि रॉड मागच्या खोलीवरच सोडून दिला. नवा भाडेकरू त्यावर कपडे वाळत घालतो म्हणे.

रॉडचा प्लस पॉइंट

आता रॉडवर अन्याय नको. ताकद वाढवायची तर रॉडसारखं साधन नाही. कारण साधं आहे. दोन्ही हात एकाच दांड्यावर असतात, तोल सांभाळण्यात ताकद वाया जात नाही, त्यामुळे जास्त वजन उचललं जातं. डेडलिफ्ट, स्क्वॉट, बेंच प्रेस, सगळं एकाच दांड्यावर.

दुसरं, वजन हळूहळू वाढवता येतं. व्यायामाचा सगळा फंडाच हा आहे, की शरीराला कालच्यापेक्षा थोडं जास्त द्यायचं. रॉडला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावली, की अडीच किलो वाढले. ३० चे साडेबत्तीस. शरीर फारशी कुरकूर करत नाही. डंबेलमध्ये पाच किलोवरून पुढची उडी बहुतेक वेळा साडेसातची. म्हणजे एका हातावर थेट ५० टक्के वाढ! बॉसनं एका रात्रीत ५० टक्के काम वाढवलं तर आपण काय करतो? तेच खांदा करतो.

यावर उपाय आहे. फिक्स डंबेल घेऊच नका, प्लेट बदलता येणारी जोडी घ्या आणि अर्ध्या किलोच्या चार-आठ प्लेट हट्टानं मागा. दुकानदार कंटाळतो, पण देतो. आणि वजनाच्या आधी रेप्स वाढवा. आठ रेप्स जमले, की नऊ, दहा, असे बारापर्यंत जा. बारा आरामात झाले की मगच वजन वाढवा आणि परत आठवर या. झक्कास चालतं.

दिसण्यासाठी जड रॉडच लागतो हा समजही डोक्यातून काढून टाका. सेट शेवटी खरंच जड जात असेल, म्हणजे आणखी एक-दोनच रेप्स निघतील अशी अवस्था येत असेल, तर मध्यम वजनावरही स्नायू वाढतात. जड वजन उचलण्याची ताकद हवी असेल तर जड वजन उचलावं लागतं, हे खरं. पण आपल्यापैकी किती जणांना स्पर्धेत उतरायचंय?

अडकलात तर?

आता मुद्द्याचं. स्पर्धेतले वेटलिफ्टर बघा. वजन नाही गेलं, की ते सरळ रॉड सोडून देतात. खाली लाकडी प्लॅटफॉर्म, प्लेट रबराच्या, आजूबाजूला मोकळी जागा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचं १३९ किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावलं. एकूण २४८ किलोवर त्याला ५५ किलो गटात रौप्य मिळालं, सुवर्ण अवघ्या एका किलोनं हुकलं. तिथं रॉड टाकायला प्लॅटफॉर्म होता आणि धावत यायला माणसं होती. माझ्या खोलीत काय होतं? टाइल, आणि खाली काकू.

रॉड टाकता येतो हे गृहीत धरूनच तो खेळ उभा आहे. बेंच प्रेसला तर टाकायचा कुठे, हाच प्रश्न. खाली आपली छाती, त्याच्यावर गळा. म्हणून जिममध्ये आपण शेजारच्याला म्हणतो, “भाई, जरा सपोर्ट दे.” तो डोक्याशी उभा राहतो, दोन बोटं लावतो. त्या दोन बोटांच्या जिवावर आपण पाच किलो जास्त मारतो. घरी ती दोन बोटं नसतात.

डंबेलचं तसं नाही. हात गेले, की डंबेल बाजूला खाली येतात. जमिनीवर आडवं पडून प्रेस मारला, तर कोपर आधीच फरशीला टेकतं, बेंचची गरजच उरत नाही. (बेंचचे पैसेही वाचले!) अर्थात डंबेल म्हणजे अगदीच गरीब गाय असंही नाही. प्लेटचा नट सेट मारताना हळूहळू सैल होतो, आणि तोंडावर प्लेट पडली तर ती तिचं वजन बघत नाही. प्रत्येक सेटआधी दोन्ही नट आवळा. सवयच लावून घ्या.

डेडलिफ्टलाही एक गोम आहे. ऑलिंपिकच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साधारण नऊ इंचांवर राहतो. आपल्या घरगुती पाच-दहा किलोच्या प्लेट लहान. रॉड पार घोट्याशी जातो आणि तो पकडायला आपण पाठीची कमान करतो. मग दुसऱ्या दिवशी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये उभं राहायचे वांधे. रॉड असेलच तर खाली दोन्हीकडे मजबूत लाकडी ठोकळे ठेवा. आणि हो, घरगुती रॉडचं वजन २० किलो नसतं. दुकानातल्या काट्यावर मोजून घ्या, नाहीतर मित्रांना सांगितलेले सगळे आकडे खोटे निघतात.

पाय रुसतात

डंबेलचा खरा वीक पॉइंट पायांना कळतो. पाय हातांपेक्षा कितीतरी ताकदवान. दोन्ही हातांत दहा-दहा किलो घेऊन बैठका काढल्या, तर महिन्याभरात पाय जांभई देतात आणि बोटं मात्र सुटायला लागतात. इथं रॉडवाला मित्र हसतो. हसू दे. तुम्ही एक पाय मागे पलंगावर ठेवा आणि पुढच्या एकाच पायावर बसून उठा. दोन्ही हातांत तेच दहा-दहा किलो. दहा रेप्सनंतर जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर मला सांगा.

तरी एक दिवस असा येतो, की तेही कमी पडतं. तो दिवस आला तर अभिनंदन! मग रॉडकडे जा. पण रॉडला घरी आणू नका, तुम्ही त्याच्याकडे जा.

रॉड गर्दीत रमतो

कोल्हापूर जिल्ह्यातलं कुरुंदवाड आठवा. छोटंसं गाव. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये इथल्या तिघांनी ब्राँझ आणलं. गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी. एका गावातून एका स्पर्धेत तिघं! असं यश कुणी बंद खोलीत कडी लावून मिळवत नाही. एक उचलतो, दुसरा बघतो, तिसरा ओरडतो. वडगाव मावळची हर्षदा गरुड २०२२ मध्ये ज्युनियर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून सुवर्ण घेऊन आली. या स्पर्धेत असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. तिच्याही मागे प्रशिक्षक होते, सोबत सराव करणारी पोरं-पोरी होत्या. आपल्या जुन्या तालमीतही जोर-बैठका ज्याच्या त्याच्या असल्या, तरी नजर वस्तादांचीच असायची.

मला तेव्हा हे क्लिक झालं. रॉड हे दोन-चार जणांचं साधन आहे आणि डंबेल एकट्याचं. ताकद कशानं जास्त वाढते, हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर काकूंचाच प्रश्न. “एकलीच?”

लॉकडाउन आठवतोय? मार्च २०२० मध्ये जिम बंद झाल्या, महाराष्ट्रात त्या उघडल्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. त्या सात महिन्यांत डंबेल मिळेनासे झाले होते. लोक पाण्याच्या कॅन आणि पुस्तकं भरलेल्या सॅक उचलत होते. एकटं राहायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांना बरोबर डंबेलच सुचले.

गंमत म्हणजे इंग्रजीत ‘डंब’ म्हणजे मुका आणि ‘बेल’ म्हणजे घंटा. चर्चची घंटा ओढण्याच्या कसरतीवरून, पण आवाज न करणारी घंटा, असं ते नाव पडलं म्हणतात. आता ही मुकी घंटा मुकीच ठेवायची जबाबदारी आपली.

खालच्यांचाही विचार

“स्लॅबला काही होणार नाही ना?” हा प्रश्न हमखास येतो. साठ किलोचा सेट म्हणजे घरी आलेला एक पाहुणा. पाहुणा बसला म्हणून स्लॅबला काही होत नाही. पाहुण्यानं उडी मारली, की खालच्यांना कळतं. म्हणून वजन ठेवायचं, आपटायचं नाही. खाली जाड, टणक रबर मॅट घ्या. मुलांच्या खोलीतल्या रंगीत फोमच्या नकोत, त्यावर पाय दबतो आणि तोल जातो. सकाळी सातच्या आधी आणि रात्री दहानंतर वजनांना सुट्टी. नाइट शिफ्टवाल्यांनो, दुपारी मारा.

प्लेट किलोच्या भावानं मिळतात. आत सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या स्वस्त, पण जाडजूड. रॉडवर लवकर जागा संपते आणि एकदा तडा गेला, की घरभर भुसा. थोडे जास्त पैसे टाकून लोखंडी किंवा रबरी घ्या. वजनं काही एक्स्पायर होत नाहीत, सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त रॉडचे आटे तपासा, नट हातानं सरळ फिरतोय का ते बघा.

माझी लिस्ट सांगू? दोन चौदा इंची रॉड, चार नट. प्रत्येक मापाच्या चार प्लेट, पाच, अडीच, सव्वा आणि अर्ध्या किलोच्या. एक मॅट. झालं. यात एका हातावर साडेअठरा किलोपर्यंत प्लेट जातात, वर रॉडचं वजन वेगळं. आठवड्यातून दोन दिवस, चाळीस मिनिटं. एका पायाचे स्क्वॉट, फ्लोअर प्रेस, वाकून रोइंग, शोल्डर प्रेस, आणि डंबेल हातात धरून कंबरेतून वाकायची डेडलिफ्ट. प्रत्येकी तीन सेट. पाठीचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मग मला शिव्या द्या.

आणि माझा रॉड?

तो तळमजल्यावर आहे. काकूंचा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र बाइक लावायच्या जागेत व्यायाम करतात, त्यांना देऊन टाकला. मोबदल्यात शनिवारी संध्याकाळी मी खाली जाते. डोक्याशी एक जण उभा राहतो, “ताई, हाय हाय, जाऊदे वर” म्हणून ओरडतो, आणि ज्या तीस किलोनं मला त्या रात्री घाम फोडला होता, त्याचे मी आता दहा रेप्स काढते. नंतर त्यांच्या सेटला मी उभी राहते. माझी दोन बोटं लागली की त्यांचाही एक रेप जास्त निघतो. गंमत आहे ना?

परवा काकू बाजूला खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. तेवढ्यात गॅसवाला आला. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा, म्हणजे माझ्या त्या रॉडएवढाच. काकूंनी पदर खोचला, सिलिंडर तिरका केला आणि कडेवर गोल गोल फिरवत आत नेला. आम्ही पाचही जण बघत राहिलो.

“काकू, एकट्याच?” मी विचारलं.

“तुमी कवा उठताव त्याची वाट बगू काय?” काकू म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात माझं ॲग्रीमेंट संपतंय. सामान बांधायला काढलं, तर डंबेल दोन पिशव्यांत मावले. पण या वेळी मी खोली बदलत नाहीये. दुसरीकडे सपोर्ट द्यायला कोण उभं राहणार?